फळीखालची जागा

पालघरहून बोईसरकडे निघालं की कोळगाव लागतं. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, पुढे मुख्यालय कोळगावात आलं, आणि आता इथे येणाऱ्या बहुतेकांचं काम कचेरीत असतं. मी गेलो ते एका रेडिओग्रामसाठी, म्हणजे एकाच कॅबिनेटमधल्या रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी. एका जुन्या घराच्या ओटीवर सागवानी कॅबिनेटमध्ये दुसरा रेकॉर्ड चेंजर बसवायचं काम चाललंय, एवढंच कानावर आलं होतं.

मिनिटाला 78 फेऱ्यांची दहा इंची रेकॉर्ड तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. दर वेळी उठायला नको म्हणून चेंजर आला. आठ-दहा रेकॉर्डी स्पिंडलवर रचायच्या. एक संपली की दुसरी आपोआप खाली पडते. लंडनच्या जवाहिऱ्यांनी 1915 साली काढलेली गॅरार्ड आणि 1932 सालची बर्मिंगहॅमकडची बीएसआर ही त्यातली मोठी नावं.

ओटीवर बीएसआरचा डेक दोन ठोकळ्यांवर उलटा ठेवलेला होता. कारागीर काकांनी बोटाने तबकडी फिरवली आणि म्हणाले, "आता हे चाक बघा." मोठं दातेरी चाक, पण एका ठिकाणी त्याला दातच नाहीत. रेकॉर्ड वाजत असते तोवर ही बोडकी जागा तबकडीच्या छोट्या पिनियनसमोर असते, म्हणून चाक हलत नाही. सुई शेवटच्या रुंद खाचेत शिरली की आर्म झपाट्याने आत सरकतो आणि एक हलकी पट्टी पुढे ढकलतो. त्या धक्क्याने चाक जरासं सरकतं आणि दातात दात बसतात. मग एकाच फेरीत आर्म उचलला जातो, बाहेर जातो, वरची रेकॉर्ड सुटते, आर्म परत येतो, आणि बोडकी जागा पुन्हा पिनियनसमोर. सगळं एकाच मोटरवर. मी काकांना ते पाच-सहा वेळा करायला लावलं.

ती पट्टी पिसासारखी हलली पाहिजे. तिथलं ग्रीस वाळून घट्ट झालं की चेंजर अडतो, आणि लोक तो मेला असं समजून काढून टाकतात.

दुसरा बसवणं मात्र सोपं नाही. डेक ज्या फळीवर बसतो तिच्याखाली मोटर लोंबते, तिला रेडिओचा ट्रान्सफॉर्मर अडता कामा नये. वर झाकण मिटल्यावर स्पिंडल टेकता कामा नये. डेक स्प्रिंगांवर तरंगता राहायला हवा, नाहीतर स्पीकरची थरथर सुईत उतरते. अमेरिकेचा चेंजर असेल तर तो 117 व्होल्ट आणि 60 सायकलचा. आपली वीज 50 सायकलची; पुली बदलली नाही तर 33⅓ची रेकॉर्ड 28च्या खालीच फिरते आणि गाणाऱ्याचा सूर सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरतो.

सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट असतं, म्हणजे पाण्यात विरघळणारं मीठच. समुद्राकाठच्या दमट हवेत ते टिकत नाही. त्याजागी सिरॅमिक बसवावं. आवाज थोडा कमी येतो, पण व्हॉल्व्हच्या रेडिओला पुरतो. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, त्याला वेगळा प्रीअँप लागतो. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. तिथे पिकअपची वायर जोडणं जिवावर बेतू शकतं, म्हणून जाणकाराला दाखवल्याशिवाय प्लग लावू नये.

सगळ्यात मोठी अडचण फळीची. जुन्या डेकसाठी कापलेलं भोक नव्याला जुळत नाही, आणि बहुतेक लोक लगेच करवत घेतात. काकांनी मूळ फळी स्क्रू काढून अलगद उचलली आणि जुन्या चेंजरसकट कापडात गुंडाळून घरमालकाच्या हवाली केली. नव्या डेकसाठी त्यांनी प्लायवुडची वेगळी फळी कापली.

तुमच्या घरात असा रेडिओग्राम असेल तर दुसरा चेंजर शोधण्याआधी जुन्याचं वाळलेलं ग्रीस पुसून बघा. तरीही बदलायचाच ठरला, तर मूळ फळीला करवत लावू नका.