आभाळातली पांढरी रेघ कशाची? विमान ढग पळवतं का? जाणून घ्या

पावसाने ओढ दिली की पारावर हमखास चर्चा होते, ‘विमानानं ढग पळवले.’ पुरावा म्हणून आभाळातली पांढरी रेघ दाखवली जाते. पण ही बहुतेक प्रवासी विमाने असतात. ती साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून, ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात.

ती रेघ म्हणजे फवारणी नाही. तेवढ्या उंचीवर उणे ४० अंश किंवा त्याहून जास्त थंडी असते. इंजिनातून निघालेली वाफ तिथे गोठून बर्फाचे बारीक कण होतात. वरची हवा कोरडी असली तर रेघ लगेच विरते, दमट असली तर टिकते आणि पसरते. कृत्रिम पावसासाठीची विमाने लहान असतात, ती ढगांजवळून बरीच खालून उडतात.

आवाजाच्या दिशेने पाहिलं तर विमान सापडत नाही. आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो, तोवर विमान सात किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून थोडं पुढे बघा.

‘फ्लाइटरडार२४’ ॲपवर नकाशातल्या विमानावर बोट ठेवलं की ते कुठून कुठे चाललंय, उंची, वेग सगळं दिसतं. रात्री डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा दिवा असतो. दुर्बीण असेल तर सूर्याकडे मात्र धरू नका, डोळे जातील.

पुढच्या वेळी पारावर वाद झाला, तर मोबाईल काढा आणि दाखवा.