सर्व्हरला आधी विचारा, मग एक्सपोर्ट करा

या भागात कमांड बऱ्याच होत्या आणि लोकलच्या गर्दीत कानात अंडरस्कोर मोजत बसणं कुणालाच जमत नाही. म्हणून हा लिखित अवतार. ऐकताना जे निसटलं ते इथे सापडेल.

सुरुवात माझ्याच फजितीने. आमचा पोस्टग्रेस सर्व्हर एका शनिवारी १३ वरून १५ वर गेला. अपग्रेड सुरळीत झालं, सगळे खूश. त्यानंतर एकोणीस दिवसांनी सीनिअरचा मेसेज आला, "अरे, स्टेजिंगसाठी कालचा स्कीमा डम्प दे ना." मी फोल्डर उघडलं. रोजची फाईल होती, नाव बरोबर, तारीख बरोबर. साईझ फक्त २० बाइट्स! आदल्या दिवशीचीही २०, त्याच्या आदल्या दिवशीचीही २०. रिकामा इनपुट जीझिपमधून काढला की जी फाईल बनते ती नेमकी एवढीच असते.

झालं काय होतं? बॅकअपची स्क्रिप्ट दुसऱ्याच एका छोट्या मशीनवर चालायची आणि तिथला पीजी_डम्प अजून १३ चाच होता. पीजी_डम्पचा नियम सरळ आहे. स्वतःपेक्षा जुन्या सर्व्हरचा डम्प तो घेतो (१५ चा पीजी_डम्प पार ९.२ पर्यंत मागे जातो), पण सर्व्हरचं मेजर व्हर्जन स्वतःपेक्षा नवीन असेल तर व्हर्जन जुळत नाही असं सांगून थांबतो. तो थांबला, पण त्याचं आउटपुट पाइपने जीझिपकडे जात होतं. शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरतं आणि जीझिपचं काम तर यशस्वी झालेलं! म्हणून क्रॉनच्या लेखी सगळं आलबेल. एररचा मेल जात होता, पण अशा मेलबॉक्समध्ये, जो कुणी उघडत नाही. त्या एकोणीस दिवसांत डिस्क उडाली असती तर काय, हा विचार मी आजही रात्री करत नाही.

आता प्रश्न येतो की पीजी_डम्प एवढा हट्टी का? कारण स्कीमा एक्सपोर्ट म्हणजे सर्व्हरच्या सिस्टम कॅटलॉगला प्रश्न विचारणं, आणि ते कॅटलॉग प्रत्येक मेजर व्हर्जनला बदलतात. पोस्टग्रेस १२ मध्ये पीजी_अॅट्रडेफमधला एडीएसआरसी हा कॉलम काढून टाकला. स्वतःच्या क्वेरी लिहून स्कीमा वाचणारी कितीतरी जुनी टूल्स तिथे 'असा कॉलम नाही' म्हणत पडली. हे तरी बरं, निदान ओरडून पडली. त्याच १२ मध्ये जनरेटेड कॉलम आले. त्यांची माहितीच नसलेलं टूल त्या कॉलमला साधी डिफॉल्ट व्हॅल्यू समजेल आणि चुकीची स्कीमा हसत हसत लिहून देईल. मला विचाराल तर थांबणारं टूल परवडलं.

मग तपासायचं कसं? पहिली गंमत म्हणजे बरेच जण 'पीएसक्यूएल डॅश डॅश व्हर्जन' टाइप करतात आणि आलेला आकडा सर्व्हरचा समजतात. तो तुमच्या मशीनवरच्या क्लायंटचा असतो! सर्व्हरला विचारायचं तर कनेक्ट होऊन 'शो सर्व्हर_व्हर्जन_नम' म्हणा. १५.४ असेल तर १५०००४ मिळेल, ९.६.२४ असेल तर ९०६२४. हा सरळ पूर्णांक आहे, स्क्रिप्टमध्ये डोळे झाकून तुलना करा. मजकुराची तुलना मात्र नको. अक्षरं म्हणून पाहिलं तर ९.६ हे १५.४ पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हा १ च्या नंतर येतो. शिवाय १० च्या आधी पहिले दोन आकडे मिळून मेजर व्हर्जन व्हायचं, १० पासून पहिला एकटाच.

पण आकड्यावरही शंभर टक्के विसंबू नका. अॅमेझॉनच्या रेडशिफ्टला व्हर्जन विचारलं तर तो स्वतःला पोस्टग्रेस ८.०.२ म्हणवतो. म्हणजे आडनाव सांगतो, सवयी वेगळ्याच. स्वतःचं एक्सपोर्ट टूल लिहीत असाल तर हवं ते फंक्शन आहे का, हेच विचारा. फंक्शनची व्याख्या काढून देणारं पीजी_गेट_फंक्शनडेफ ८.४ पासून आहे. 'सिलेक्ट टू_रेगप्रोसिजर' लिहून कंसात, सिंगल कोट्समध्ये, 'पीजी_गेट_फंक्शनडेफ(ओआयडी)' द्या. फंक्शन असेल तर नाव परत येतं, नसेल तर नल. एरर येत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये छान बसतं. ही सोय ९.४ पासूनची आहे. त्याआधीच्या सर्व्हरवर पीजी_प्रॉक टेबलमध्ये नाव शोधा.

मायएसक्यूएलवाल्यांनो, तुमच्याकडे उलटी तऱ्हा. ८ चा मायएसक्यूएलडम्प ५.७ च्या सर्व्हरला कॉलम_स्टॅटिस्टिक्स नावाचं टेबल मागतो, ते तिथे नसतंच, आणि ११०९ नंबरची एरर येते. 'डॅश डॅश कॉलम डॅश स्टॅटिस्टिक्स इक्वल टू शून्य' दिलं की गाडी पुढे सरकते. आणि एक, स्टोअर्ड प्रोसिजर त्या डम्पमध्ये आपोआप येत नाहीत, 'डॅश डॅश रुटीन्स' लिहावं लागतं. ट्रिगर येतात. का, ते विचारू नका.

आमच्या स्क्रिप्टचं पुढे काय केलं? वर 'सेट डॅश ओ पाइपफेल' टाकलं, म्हणजे पाइपमधलं काहीही पडलं तरी सगळं पडलं असं धरलं जातं. डम्पच्या आधी दोन्हीकडची व्हर्जन जुळवायची एक ओळ. आणि फाईल १ केबीपेक्षा लहान निघाली तर टीमच्या चॅट ग्रुपवर मेसेज. तो ग्रुप सगळे वाचतात, कारण जेवणाची ऑर्डरही तिथेच ठरते.