नैसर्गिक उपायांची रुजवात

घरातील एखाद्या स्त्रीला स्तनांचा कर्करोग झाल्याचे वर्तमान आप्तेष्टांत पसरले, की शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर होण्यापूर्वीच सल्ल्यांची आवक सुरू होते. कोणी शतावरी कल्पाचा डबा आणून ठेवते, कोणी गव्हांकुरांच्या रसाचे माहात्म्य सांगते, कोणी सोयाबीन, दूध आणि साखर या तिन्ही वस्तूंवर एकदम बंदी जाहीर करते, आणि परदेशात स्थायिक झालेली एखादी भाची ‘नैसर्गिक’ प्रोजेस्टेरॉनच्या मलमाची नळी धाडून देते. या सर्वांमागे सद्भाव असतो, याविषयी शंका नको. परंतु जे वनस्पतींतून किंवा स्वयंपाकघरातून आले ते निरुपद्रवी आणि जे औषधांच्या कारखान्यातून आले ते संशयास्पद, असे एक गृहीतक या साऱ्या सल्ल्यांच्या तळाशी असते. स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीत ते विशेषच अडचणीचे ठरते, कारण या रोगाच्या बहुसंख्य प्रकारांत गाठीला पोसणारा पदार्थ त्या स्त्रीच्या स्वतःच्या देहात, न्हाण आल्यापासून, सर्वस्वी नैसर्गिक रीतीने तयार होत आलेला असतो.

हे प्रथम ध्यानात आले ते ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाच्या. स्तन्यनिर्मितीवर प्रबंध लिहीत असता, व्यालेल्या गाईचे बीजकोश काढून टाकले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते असा काही देशांतील गुराख्यांचा अनुभव त्याच्या वाचनात आला होता, आणि त्यावरून बीजकोश व स्तन या दोन दूरच्या अवयवांमध्ये काही गुप्त पत्रव्यवहार चालू असला पाहिजे, असे त्याने अनुमान बांधले होते. शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेल्या रुग्ण स्त्रियांचे बीजकोश त्याने काढले, गाठी ओसरल्या, आणि १८९६ साली त्याने तो वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. संप्रेरक ही संज्ञादेखील तेव्हा अस्तित्वात नव्हती. पुढे अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला तेव्हा सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच त्यांचा लाभ होतो असे दिसले. उरलेल्यांना तो का होत नाही, याचा उलगडा व्हायला मात्र सहा दशके जावी लागली. शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंमल ज्या पेशींवर चालतो, त्या पेशींत ते पकडून धरणारी विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना आपण ग्राही म्हणू.

हा सगळा मामला जुन्या कचेरीच्या दाखल्याने चटकन समजतो. इस्ट्रोजेन हा कायम नेमणुकीचा मामलेदार आणि ग्राही ही त्याची खुर्ची. तो खुर्चीवर बसून हुकमावर सही करतो तेव्हा पेशी विभाजनाचे काम हाती घेते. ज्या गाठीत ही खुर्चीच नाही, तिथे मामलेदार असला काय नि नसला काय, काम दुसऱ्याच कोणाच्या हुकमाने चालते. पाश्चात्त्य देशांत सुमारे तीनचतुर्थांश रुग्ण स्त्रियांच्या गाठींत इस्ट्रोजेनचे ग्राही सापडतात. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आहे. म्हणून संप्रेरकांविषयी किंवा आहाराविषयी कोणताही सल्ला ऐकण्यापूर्वी गाठीच्या तुकड्याच्या तपासणीच्या अहवालात ग्राहींच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे प्रत्येक रुग्ण स्त्रीने विचारून घेतले पाहिजे. सल्ला देणाऱ्या शंभरांतील नव्वदांनी तो कागद पाहिलेला नसतो.

टॅमॉक्सिफेन या औषधाची करामत एवढीच, की ते खुर्ची अडवून बसते आणि स्तनाच्या पेशीत सही करीत नाही. १९६२ साली इंग्लंडमधील चेशायर परगण्यात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, तेही संततिनियमनाची गोळी म्हणून. त्या कामी ते नापास झाले, आणि १९७३ साली ब्रिटनमध्ये कर्करोगाचे औषध म्हणून त्याला परवाना मिळाला. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ही नंतरची औषधे निराळ्या युक्तीने चालतात. ऋतुनिवृत्तीनंतर बीजकोश थंडावले तरी अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या द्रव्यांचे मेदपेशींमध्ये अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकराच्या साहाय्याने इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत राहते. ही औषधे त्या विकरालाच अटकाव करतात, म्हणजे मामलेदाराची नेमणूकच रोखतात.

आता त्या मलमाच्या नळीकडे वळू. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, सांधे धरणे, योनिमार्ग कोरडा पडणे हे त्रास उपचारांमुळे अकस्मात ओढवतात, आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांहून सुमारे दशकभर आधी गाठत असल्याने ऐन चाळिशीत ओढवतात. अशा वेळी गमावलेले संप्रेरक परत मिळवावे, पण ‘रासायनिक’ नको, ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. तथापि या व्यवहाराचा इतिहास पाहिला तर रासायनिक आणि नैसर्गिक यांच्यातील सरहद्द फारच धूसर दिसते. १९४२ पासून अमेरिकेत खपलेले प्रेमारिन हे सुप्रसिद्ध औषध गाभण घोडींच्या मूत्रातून काढले जाते. याहून नैसर्गिक ते काय असणार! तेच औषध प्रोजेस्टिन या प्रोजेस्टेरॉनसदृश कृत्रिम संप्रेरकाच्या जोडीने १६,६०८ निरोगी स्त्रियांच्या प्रयोगात तपासले जात असता, औषध घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी अधिक आढळल्याने जुलै २००२ मध्ये तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की ज्यांचे गर्भाशय काढलेले होते आणि ज्यांना म्हणून एकटे इस्ट्रोजेनच दिले गेले, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचे समर्थक फ्रान्समधील एका मोठ्या पाहणीचा आधार घेऊन दोष कृत्रिम प्रोजेस्टिनचा होता असे म्हणतात, ते निराधार नाही. परंतु ही सर्व साक्ष निरोगी स्त्रियांची आहे. ज्यांना रोग एकदा झालेला आहे, त्यांना संप्रेरके देऊन पाहणारा स्वीडनमधील प्रयोग २००३ च्या डिसेंबरात बंद करावा लागला, कारण त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक भरले. स्टॉकहोममधील समांतर प्रयोगात तसे आढळले नव्हते, तरी तोही थांबवण्यात आला. आणि दोन साक्षीदारांत मतभेद असताना जिवाची जोखीम घ्यावी असे मला तरी वाटत नाही.

प्रोजेस्टेरॉनच्या मलमांच्या जाहिरातींत रानटी कंदाचे चित्र असते. त्याची हकीकत मनोरंजक आहे. रसेल मार्कर या हट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदांपासून प्रोजेस्टेरॉन तयार केले आणि जगभरची त्याची किंमत कोसळवली. कंदातल्या डायोस्जेनिनचे हे रूपांतर मात्र प्रयोगशाळेच्या भांड्यात, रसायनांच्या क्रमवार क्रियांनी होते. मनुष्यदेहात ते घडवणारी यंत्रणाच नाही. आपल्या कोकणातील कोनफळ आणि करांदे त्याच कुळातले. ते उकडून खुशाल खावेत. त्यांतून कोणाला संप्रेरक मिळाल्याचे ऐकिवात नाही. उलट ज्या मलमात खरोखर प्रोजेस्टेरॉन घातलेले असते, ते औषधच होय, मग वेष्टनावर कोणतेही पान-फूल छापलेले असो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार स्त्रियांवर केलेला व २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात पुष्कळदा विपर्यस्त रीतीने सांगितला जातो. तेथे शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाचे एकच टोचण दिले होते. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता निर्णायक फरक पडला नाही, काखेतील गाठींत रोग पोचलेल्यांना मात्र लाभ झालेला दिसला. एका टोचणाची ही फलश्रुती वर्षानुवर्षे मलम चोळण्याची सनद होऊ शकत नाही.

वनस्पतींतील इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि येथे घाबरवणाऱ्यांचीच अधिक चूक झालेली आहे. सोयाबीनमधील जेनिस्टीन, डेडझीन ही द्रव्ये हंगामी कारकुनासारखी. कायम मामलेदार हजर असताना त्यांनी खुर्ची अडवली तर कामाचा वेग मंदावतो. तो नसताना बसली तर थोड्याफार सह्या त्यांच्या हातूनही होतात. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांवरून सोयाबीन निषिद्ध ठरले होते. त्यानंतर शांघायमध्ये ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा मागोवा घेतला गेला आणि २००९ साली निष्कर्ष आला, की अधिक सोया खाणाऱ्यांत मृत्यू व रोग उलटणे ही दोन्ही कमीच होती. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही तसेच. लाभ दिवसाला सुमारे ११ ग्रॅम सोया-प्रथिनांपर्यंत वाढत जाई, पुढे नाही. मात्र त्या स्त्रिया लहानपणापासून टोफू व सोयादूध घेणाऱ्या होत्या. आपल्याकडे लातूरच्या बाजारात सोयाबीनची रास पडते ती मुख्यतः तेलासाठी आणि पेंडीसाठी, आणि तेलात ही द्रव्ये जवळजवळ उतरतच नाहीत. तेव्हा आमटीतल्या सोयाबीनच्या वड्यांना किंवा सोयातेलाच्या फोडणीला भिण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कमधील एका प्रयोगात शस्त्रक्रियेपूर्वी सोया-प्रथिनांची भुकटी दिलेल्या काही स्त्रियांच्या गाठींत वाढीशी निगडित जनुके चेतलेली आढळली, हे मात्र विसरता येत नाही. वाटीभर पदार्थ आणि त्याचा अर्क भरलेली कुपी यांना एका पारड्यात टाकणे गैर.

जवसाचेही तसेच. टोरांटोतील लहानशा प्रयोगात शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला असता गाठीतील पेशींच्या वाढीचा वेग घटलेला दिसला. संख्या थोडी, काळ थोडा. तरी भाकरीबरोबर चमचा-दोन चमचे जवसाची चटणी घ्यायला कोणाची मनाई असणार? ती भाजून कुटलेली असावी, कारण अख्खा जवस आतड्यातून जसाच्या तसा निघून जातो. शतावरीविषयी माझे मत कठोर आहे: इस्ट्रोजेनसदृश गुणांसाठीच जिची ख्याती, ती वनस्पती कल्पाच्या रूपात, अनिश्चित मात्रेत, ग्राही असलेल्या गाठीच्या रुग्णाला देऊ नये. हळदीविषयी तर लोक माझ्यावर रागावतील. वरणातील हळद निर्वेध. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या, विशेषतः मिऱ्याच्या अर्कासह, घेतल्या असता टॅमॉक्सिफेनची आणि त्यापासून यकृतात बनणाऱ्या प्रभावी द्रव्याची रक्तातील पातळी घटते, असे नेदरलँड्समधील रुग्णांत दिसले आहे. म्हणजे औषध घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याची वजावट करायची.

मग आहाराने होते तरी काय? या प्रश्नावर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. २,४३७ स्त्रियांच्या पहिल्या प्रयोगात आहारातील स्निग्धांश घटवला, आणि २००६ साली जाहीर झालेल्या निकालात रोग उलटण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी कमी भरले. ३,०८८ स्त्रियांच्या दुसऱ्यात भाज्या, फळे आणि चोथा यांचा भरपूर मारा केला. सात वर्षांनंतर काहीच फरक नव्हता. दोन्ही निकाल शेजारी ठेवले म्हणजे एक तपशील डोळ्यांत भरतो: पहिल्या गटातील स्त्रियांचे वजन थोडे उतरले होते, दुसऱ्यातील स्त्रियांचे नाही. ऋतुनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मेदपेशींत बनते हे ध्यानात घेतले, तर ताटातील एखाद्या चमत्कारी पदार्थापेक्षा कमरेचा घेर महत्त्वाचा का, हे उमगते. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग-नोंदवहीत स्तनांचा कर्करोग मुंबईच्या मानाने कमी आढळतो, यालाही शहरात उशिरा होणारी बाळंतपणे व कमी काळचे स्तन्यपान यांबरोबर शहरी वजनवाढ कारण असावी. केवळ बाजरीच्या भाकरीला त्याचे श्रेय देणे घाईचे होईल. मद्य मात्र थोड्या मात्रेतही धोका वाढवते, आणि ही गोष्ट निर्विवाद आहे. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, कारण रक्तातील शर्करा शरीर स्वतःच राखते. लाडू-जिलेबी आवरायची ती वजनासाठी. आणि केमोथेरपी चालू असताना निर्जळी उपवास करणाऱ्या सासूबाईंना सुनेने प्रेमाने पण ठामपणे अडवावे.

अ‍ॅरोमॅटेज रोखणाऱ्या औषधांनी हाडे विरळ होतात. येथे आपले जुने अन्न खरोखरच कामाला येते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तिळात त्याहूनही जास्त. दूध-ताक सोडण्याचे तर कोणतेही सबळ कारण पुढे आलेले नाही. त्याला उन्हाची आणि चालण्याची जोड हवी. आठवड्यातून तीन ते पाच तास चालणाऱ्या रुग्ण स्त्रियांत मृत्युप्रमाण लक्षणीय कमी असल्याचे अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत २००५ साली दिसून आले आहे, आणि त्याला खर्च काय तो चपलांचा.

खरी हानी चटणीने वा ताकाने होत नाही. ती होते ‘आता नैसर्गिक घेते आहे’ म्हणून गोळ्या मध्येच सोडल्याने. ग्राही असलेल्या गाठीत पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले तर पंधरा वर्षांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. आणि अमेरिकेतील नोंदींवरून, प्रस्थापित उपचार सर्वस्वी नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटींहून अधिक भरला. गोळ्या सुटतात त्या बहुधा वाफा, निद्रानाश आणि दांपत्यजीवनातील वेदना यांमुळे, ज्यांची तक्रार बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत, पुरुष डॉक्टरांपुढे, मुलगा शेजारी उभा असताना कोणी करीत नाही. वाफांवर व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारखी संप्रेरकरहित औषधे आहेत. पॅरोक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनला मारक म्हणून टाळतात. कोरडेपणावर संप्रेरकरहित वंगणे मिळतात, आणि एक गोळी सोसेना तर पुष्कळदा दुसरी देता येते. मुलाला थोडा वेळ बाहेर बसवून, घरी चालू असलेल्या प्रत्येक कल्पाचे नि कुपीचे नाव कागदावर उतरवून, हे सारे नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.