आधी कोणता पाहावा?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरी कुणाला काही समजावून सांगायचे असले की ते काम आपलेच, असा माझा समज झाला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीने तो सहज घालवला. त्याची ही हकीकत, आणि त्या निमित्ताने एका साध्या प्रश्नाचा विचार.

दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचे 'शिवराज अष्टक' योजले. त्यांतले पहिले पाच या क्रमाने आले : 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२), 'शेर शिवराज' (२०२२) आणि 'सुभेदार' (२०२३). मी आजीला ते याच क्रमाने, रोज संध्याकाळी एक, असे दाखवू लागलो. तिसऱ्या दिवशी 'पावनखिंड' चालू असताना ती म्हणाली, "आरं, परवा तर पन्हाळा घेतला न्हवं? मग आज राजं तिथंच कसं अडाकलं?"

"आजी, ही आधीची गोष्ट आहे."

ती गप्प झाली. थोड्या वेळाने "मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं," म्हणत उठून चुलीकडे गेली. चूक माझी होती आणि कमीपणा तिने स्वतःकडे घेतला, हे मला फार लागले.

सुट्टीनंतर ग्रंथालयात बसून मी सनावळी लिहून काढली. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. म्हणून 'शेर शिवराज' पहिला. त्याच महिन्यात पन्हाळा स्वराज्यात आला. पुढच्या वर्षी सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला, जुलै १६६० मध्ये महाराज निसटले आणि बाजीप्रभू घोडखिंडीत पडले. म्हणून 'पावनखिंड' दुसरा. गड मात्र त्याच वर्षी आदिलशहाला द्यावा लागला. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे तुटली, हा 'फत्तेशिकस्त'. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजींनी कोंढाणा घेतला, हा 'सुभेदार'. आणि मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी पन्हाळा परत जिंकला. म्हणजे जो चित्रपट सर्वांत आधी आला, तो पाहायचा सर्वांत शेवटी!

नुसता क्रम लावूनही भागत नाही. 'फत्तेशिकस्त' आणि 'सुभेदार' यांच्यात सात वर्षांची दरी आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाण्यासह तेवीस किल्ले मोगलांना गेले आणि १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाली, हे मध्ये सांगावे लागते. नाहीतर आपलाच कोंढाणा पुन्हा का घ्यायचा, हे कळत नाही. शिवाय चेहऱ्यांचा घोळ आहे. अजय पुरकर 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभू आणि 'सुभेदार'मध्ये तानाजी. अंकित मोहन एकदा कोंडाजी, एकदा येसाजी कंक. हे आधीच सांगून टाकावे.

आपल्या फलटणकरांनी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. निंबाळकरांची लेक सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निवर्तल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी महाराज प्रतापगडाखाली खानासमोर उभे राहिले. ही तारीख मनात ठेवून 'शेर शिवराज' पाहिला की त्या भेटीकडे वेगळ्याच नजरेने पाहिले जाते.

माझ्या एका मित्राचे मत निराळे आहे. तो म्हणतो, चित्रपट आले त्याच क्रमाने पाहावेत, म्हणजे दिग्दर्शकाचा हात कसा बसत गेला ते दिसते. ज्याला इतिहास तोंडपाठ आहे, त्याच्यासाठी ते खरे आहे. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला आधी गोष्ट हवी असते.

संक्रांतीला मी पुन्हा आजीजवळ बसलो. या वेळी आधी 'शेर शिवराज', शेवटी 'फर्जंद', आणि मधल्या गोष्टी तोंडी. पाचव्या दिवशी पन्हाळ्यावर भगवा चढला, तेव्हा तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "म्हंजी गेलेला गड तेरा वर्सांनी परत घेतला की रं!"

तिला सारे कळत होते. क्रम चुकला होता तो सांगणाराचा.

— द्वितीय वर्ष, कला