दहा युनिटांचा उतार

कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्याने पश्चिमेला वळते, सह्याद्रीच्या पोटातून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली कोसळते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली टर्बाइन फिरवते. एक टन पाणी साडेचारशे मीटर खाली आले की जवळजवळ सव्वा युनिट ऊर्जा मोकळी होते. त्याच डोंगराच्या अंगावरून कुंभार्ली घाटाचा रस्ता उतरतो. ढोबळमानाने उंची तेवढीच धरली, तर कोयनानगरहून चिपळूणकडे निघालेला आठ टनांचा जेसीबी पोफळीला पोचेपर्यंत साधारण दहा युनिट ऊर्जा सोडतो. पाण्याची वीज झाली, यंत्राच्या ऊर्जेची मात्र निव्वळ उष्णता होते. शंभर लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी ही उष्णता ब्रेक, इंजिन, टायर आणि वाऱ्याने मिळून जिरवायची असते.

मग हे यंत्र ट्रेलरवर टाकून का नेत नाहीत? कधी नेतातही. पण शेजारच्या गावातल्या दोन तासांच्या कामासाठी ट्रेलर मागवणे कुणाला परवडत नाही, आणि दरड कोसळल्यावर त्याची वाट बघण्याएवढा वेळ नसतो. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर वस्तीवर आले, तेव्हा जिथे पोचायचे तिथले रस्तेच गेले होते. अशा वेळी जेसीबीच पुढे जाऊन स्वतःची वाट मोकळी करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही ही गरज मान्य केली आहे. बांधकाम यंत्राचे रस्त्यावर धावणे आनुषंगिक, थोड्या वेळापुरते आणि ताशी 50 किलोमीटरच्या आत असावे, असे त्यांच्या व्याख्येतच म्हटले आहे. माझ्या मते घाटात हा आकडा विसरलेलाच बरा.

याचे कारण ऑपरेटरच्या उजव्या पायाशी आहे. तिथे ब्रेकची दोन पेडले शेजारीशेजारी असतात, डाव्या मागच्या चाकाचे एक आणि उजव्याचे दुसरे. खोदाईच्या जागी एकच पेडल दाबले की ते चाक जागी थांबते आणि यंत्र त्याच्याभोवती अंगणभर जागेत वळते. रस्त्यावर वेगात असताना एकच दाबले गेले, तर तेच यंत्र रस्त्यात आडवे होते. म्हणून दोन्ही पेडले जोडणारी एक छोटी खिट्टी असते आणि साइट सोडण्याआधी ती लावायची असते. बोटभर लोखंड आहे, पण गाडीखाली वाकून बघण्याआधी मी ऑपरेटरला तिच्याबद्दल विचारीन. त्यात बहुतेक जेसीबींना ब्रेक फक्त मागच्या आसावर असतो. उतारावर कुठल्याही वाहनाचा भार पुढे सरकतो, त्यामुळे ज्या चाकांनी थांबवायचे तीच हलकी होतात.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. मातीत बकेट रुतवताना यंत्र खालीवर झाले तर जोर वाया जातो, म्हणून मागचा आस सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो. रस्त्यावर मग स्प्रिंगचे काम एकट्या टायरमधल्या हवेकडे येते. टायर उसळी घेतो, पण ती उसळी शोषायला शॉक अॅब्सॉर्बर नाही. ठराविक वेगाला एकेक उसळी आधीच्या उसळीत मिळत जाते आणि आख्खा जेसीबी डुलू लागतो. क्षणभर पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग ऐकेनासे होते. उपाय एकच, वेग कमी करणे. मागचा बूम आणि जॅकही लॉक केलेले हवेत, नाहीतर तो बूम वळणावर बाहेर झुकतो.

घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे ट्रकलाही घातकच, पण जेसीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर असतो. गिअरमध्ये असतानाही इंजिनाची ओढ त्यातून अर्धवटच चाकांपर्यंत पोचते, न्यूट्रलमध्ये तर इंजिनाचा सगळा वाटाही ब्रेकच्या माथी. ज्या गिअरने चढला असता त्यानेच उतरायचे, हा जुना धडा इथे जास्तच लागू. इंजिन बंद करणे हा त्याहून मोठा वेडेपणा, कारण स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालते आणि पंप थांबला की चाक दगडासारखे जड होते.

श्रावणात कोयनानगरला धुके उतरते तेव्हा आणखी एक अडचण येते. पुढची बकेट ऑपरेटरच्या डोळ्यांपुढे काही मीटर असते. आंधळ्या वळणावर समोरचे काही दिसायच्या आत लोखंड वळणापलीकडे पोचलेले असते.

पोकलेनचे वेगळेच आहे. वीस टनांचे असूनही रुंद पट्ट्यांमुळे मऊ मातीवर त्याचा दाब उभ्या माणसाच्या पावलाएवढाच पडतो. कठीण डांबरावर मात्र पट्ट्यांच्या उंच कडाच काय त्या टेकतात आणि वळताना डांबर खरवडून काढतात. रस्ता ओलांडायचा झाल्यास जाणते ऑपरेटर खाली जुने टायर अंथरतात.

रस्त्याचा खरा शत्रू मात्र भरलेला हायवा टिपर. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 दरम्यान ट्रक सतत फिरवून रस्त्यांची चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. प्रमाण आस 8.2 टनांचा मानतात. आपल्याकडे चार टायरांच्या एकेरी आसाला 2018 पासून 11.5 टन चालतात, म्हणजे कायद्यात राहूनही झीज जवळजवळ चौपट. जादा भरलेल्या गाडीचा हिशेब वाचकांनीच करावा. घाटात शिव्या खातो तो समोर डुलणारा जेसीबी.

पोकलेन लांब पल्ल्याला न्यायचे तर लो-बेड ट्रेलर लागतोच, आणि घाटात त्याची गाठ पायथागोरसशी पडते. ट्रेलरची जोडखुंटी 15 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते आहे आणि तिच्यापासून मागची चाके 9 मीटरांवर आहेत, असे समजा. वळण पुरेसे लांब असेल, तर ती चाके हळूहळू 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर सरकतात, म्हणजे 3 मीटर आत. कुंभार्लीच्या तीव्र वळणावर त्या 3 मीटरांत कधी गटार असते, कधी कातळ. ट्रेलर अडकला की कराड आणि चिपळूण, दोन्हीकडची रहदारी थांबते. आणि त्याला ओढून काढायला अनेकदा बोलावणे जाते ते जवळच्या एखाद्या जेसीबीला.