खळ्यात चौथी खोली की गाडीला जागा? मालवणात खोली निवडून बघा, उत्तर सापडेल



गेल्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. मालवण-तारकर्ली रस्त्याला आत त्यांचं घर आहे, तीन खोल्या पर्यटकांना देतात. म्हणाल्या, "सर, खळ्यात अजून एक खोली बांधूची म्हणतंय. सोना तारण ठेवून कर्ज घेतंय."

मी एवढंच विचारलं, "ताई, मग गाडी खंय लावतले?"

पलीकडे दोन मिनिटं शांतता.

आजचा लेख या प्रश्नावर आहे. पण उत्तर मालकाच्या खुर्चीत बसून सापडत नाही, त्यासाठी आधी ग्राहक व्हावं लागतं. चला, आज आपण मालवणला सुट्टीवर जाऊ आणि स्वस्त, मोक्याची, गाडी लावता येईल अशी खोली शोधू.

आधी गाव समजून घ्या

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणला येणाऱ्या माणसाला साधारण तीन गोष्टी करायच्या असतात: जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, तारकर्ली-देवबागच्या बाजूला समुद्रात खेळायचं आणि संध्याकाळी माशांचं जेवण. खोली कुठे घ्यायची ते यातलं काय जास्त करणार त्यावर ठरतं.

बाजारपेठ आणि बंदर: जेटी, एसटी स्टँड, खानावळी सगळं चालत. पण रस्ते अरुंद. सुट्टीत गाडी आत घेतलीत तर बाहेर काढताना घाम फुटतो.

चिवला बीच: शहरातच, पण बाजारापेक्षा शांत. रॉक गार्डन जवळ. आवार असलेली घरं इथे सापडतात.

तारकर्ली आणि देवबाग: तारकर्ली शहरापासून साधारण 7 किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधून एकच चिंचोळा रस्ता. समुद्र दारात, पण किल्ला बघायला प्रत्येक वेळी गाडी काढावी लागते.

गावाबाहेर, कुंभारमाठ किंवा चौके बाजूला: भाडं कमी, जागा ऐसपैस. पण समुद्र दिसत नाही आणि दिवसातून दोनदा शहरात जाणं-येणं होतं.

भाडं म्हणजे खर्च नव्हे

आकडे समजण्यापुरते घेऊ. पुण्याहून चौघांचं कुटुंब गाडीने आलंय. त्यांच्यापुढे तीन खोल्या आहेत.

पहिली, बाजारात, 1500 रुपये, पार्किंग नाही. दुसरी, चिवल्याजवळ, 1800 रुपये, गाडी आवारात. तिसरी, शहरापासून 10 किलोमीटरवर, 1300 रुपये, गाडी आवारात.

वरवर तिसरी स्वस्त. पण दिवसातून दोन फेऱ्या म्हणजे 40 किलोमीटर. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर पावणेतीन लिटर पेट्रोल, म्हणजे जवळपास 280 रुपये. खोली पडली 1580 ला, वर रोजचा तासभर गाडीत. आणि रात्री जेवून अंधारात परत जायचं.

पहिली 1500 ची. पण आठ-नऊ तास गाडी चालवून आलेला माणूस सामान आणि मुलं घेऊन बाजारात उभा आहे, मागून हॉर्न वाजतायत. गाडी दूर कुठेतरी लावायची, सामान हातात घेऊन चालायचं, आणि रात्रभर गाडीची काळजी.

दुसरीला रोजचे 200 ते 300 रुपये जास्त, पण गाडी एकदा लावली की जेटी, बाजार चालत किंवा रिक्षाने. गाडीवाली बरीच कुटुंबं हा फरक आनंदाने देतात. हे 300 रुपये गादीचे नाहीत, टीव्हीचे नाहीत. ते निवांतपणाचे आहेत.

उलट कोकण रेल्वेने कुडाळला उतरून येणाऱ्या जोडप्याला पार्किंगचं काहीच पडलेलं नसतं. त्यांना बाजारातली 1500 ची खोलीच योग्य. म्हणून 'सगळ्यांसाठी चांगली' अशी खोली नसते. तुमचा ग्राहक कशाने येतो ते आधी ठरवा.

'पार्किंग उपलब्ध' म्हणजे नक्की काय?

मी स्वतः एकदा कोकणात एका ठिकाणी या दोन शब्दांवर खोली घेतली. पोचलो तर पार्किंग म्हणजे समोरच्या बंद दुकानासमोरची जागा. सकाळी सहाला दुकानदार दार वाजवायला आला, "गाडी काढा!" खोली स्वच्छ होती, मालक गोड बोलत होता. पण मी परत गेलो नाही, कुणाला सांगितलंही नाही.

म्हणून फोनवर हे विचारा:

1. गाडी गेटच्या आत लागते की रस्त्यावर?
2. खोल्या किती आणि गाड्या किती मावतात?
3. मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतची वाट कशी आहे? मोठी गाडी वळते का? वाळू आहे का? किनाऱ्यालगत वाळूत चाक रुतलं की सुट्टीचा अर्धा दिवस गेला.
4. दुसऱ्याची गाडी न हलवता माझी बाहेर निघेल का? स्कूबाला पहाटे निघणाऱ्याला हे फार महत्त्वाचं.
5. गाडी माडाखाली लागते का? हसू नका. नारळ काचेवर पडला तर भरपाई कोण देणार?
6. रात्री गेट कधी बंद होतं? ड्रायव्हर सोबत असेल तर त्याची झोपायची सोय काय?

आणि सगळ्यात सोपा उपाय: मालकाला सांगा, मुख्य रस्त्यापासून गाडी लावायच्या जागेपर्यंत चालत एक मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवा. जो लगेच पाठवतो, त्याच्याकडे सहसा जागा असते.

तारीखही बघा. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. दिवाळी, डिसेंबरअखेर, मे महिना आणि आंगणेवाडीची जत्रा या दिवसांत खोली आणि जागा दोन्ही आधी पक्की करा.

आता मालकाच्या खुर्चीत बसा

ताईंचा हिशोब मांडू. समजा खोलीला 6 लाख कर्ज, 11 टक्के व्याज, 5 वर्षं. हप्ता महिना सुमारे 13,000, म्हणजे वर्षाला 1 लाख 56 हजार. खोलीचं भाडं 1800 धरा. धुलाई, वीज, साफसफाई, कमिशन मिळून 500 गेले. हातात राहिले 1300.

1 लाख 56 हजार भागिले 1300, म्हणजे 120 रात्री. वर्षात 120 रात्री ती खोली गेली तर फक्त हप्ता निघतो. नफा शून्य.

आता खरी मेख ऐका. चौथी खोली कधी भरते? पहिल्या तीन भरल्यावर! म्हणजे वर्षात 120 रात्री घर पूर्ण भरलेलं हवं. ऑक्टोबर ते मे धरला तरी शुक्रवार-शनिवारच्या रात्री होतात 70 च्या आसपास. उरलेल्या 50 सणासुदीतून आणि मे महिन्यातून काढायच्या, एकही न चुकता.

वर जागेचं बघा. एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा धरतात. अर्टिगासारखी गाडीच सुमारे साडेचार मीटर लांब. मोरीसकट खोली खळ्यात आली की दीड-दोन गाड्यांची जागा जाते आणि वळवायची जागाही जाते. आज तीन खोल्यांना तीन गाड्या आहेत. उद्या चार खोल्यांना एक. मग 1800 देणारा ग्राहक 'गाडी रस्त्यावर' ऐकून फोन ठेवतो, आणि जुन्या तीन खोल्यांचंही भाडं उतरवावं लागतं. कर्ज एका खोलीचं, फटका चार खोल्यांना.

महिलांसाठी राज्याचं 'आई' पर्यटन धोरण आहे, त्यात कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. पर्यटन संचालनालयाकडे जरूर चौकशी करा, निवास-न्याहारी योजनेत नोंदणीही करा. पण व्याज परत मिळालं तरी मुद्दल आपल्यालाच फेडायचंय. योजना आहे म्हणून खोली बांधू नका.

खोली न बांधता काय करता येईल?

खळं सपाट करा, खडी टाका, चुन्याने तीन गाड्यांचे पट्टे आखा. गेटवर दिवा लावा. गाड्या लागतात तिथल्या माडाचे नारळ वेळेवर पाडून घ्या. मॅपवरचं ठिकाण घरावर नको, गेटवर ठेवा. जाहिरातीत खोलीच्या फोटोसोबत उभ्या गाडीचा फोटो टाका. आणि 'पार्किंग उपलब्ध' न लिहिता लिहा: "आवारात 3 गाड्या. टेम्पो ट्रॅव्हलर आत येत नाही. जेटी गाडीने इतकी मिनिटं." मिनिटं स्वतः जाऊन मोजा, सुट्टीच्या दिवशी मोजा.

टेम्पो ट्रॅव्हलर येत नाही हे आधी सांगितलं तर एक ग्राहक जाईल. न सांगता आला तर भांडण होईल आणि रिव्ह्यूत कायमचं राहील.

वही काय म्हणते?

ताईंना मी 'बांधू नका' म्हटलं नाही. म्हटलं, हा सीझन एक वही ठेवा. जो फोन बुकिंग न होता गेला, त्याचं कारण लिहा. तीन रकाने: 'खोल्या भरल्या होत्या', 'गाडीला जागा नव्हती', 'भाडं जास्त वाटलं'. पहिला रकाना खरंच 120 च्या पुढे गेला तर बांधा, पण खळं सोडून मागच्या बाजूला कुठे बसते ते बघा. नाहीतर सोनं कपाटातच राहू द्या.

तुम्हालाही हेच सांगेन. होमस्टे काढायचा असेल तर कर्जाच्या अर्जाआधी दोन दिवस ग्राहक होऊन या. स्वतःच्या गाडीने किंवा भाड्याच्या, पण गाडीने. दहा ठिकाणी फोन करा, वरचे सहा प्रश्न विचारा, एका ठिकाणी राहा. कुठल्या उत्तराला तुम्ही फोन ठेवलात आणि कुठे 300 रुपये जास्त द्यायला तयार झालात, ते लिहून ठेवा. तुमच्या धंद्याचा नकाशा त्या कागदावर असेल.

ताईंची वही सुरू झालीय. सीझन संपला की रकान्यांची बेरीज इथेच मांडू.