मध देणाऱ्या माश्या आणि मध न देणाऱ्या माश्या



ऊस आपण बेण्याने लावतो, तेव्हा माश्यांशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. पण बांधावर काकडी, कारली असतात, फेरपालटाला सूर्यफूल असते, कोणाचे डाळिंब असते. फूल भरपूर आणि फळ थोडे, किंवा सूर्यफुलाचे दाणे पोचट, अशी तक्रार घेऊन सभासद येतात. खत-पाणी ठीक असेल तर शेतात माशी फिरते का, हे आधी पाहावे.

आपल्याकडे मध साठवणाऱ्या माश्या मुख्यतः चार. आग्या माशी उंच झाडाला, कड्याला एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. मध जास्त, पण स्वभाव तापट. सातेरी झाडाच्या ढोलीत, वारुळात एकाशेजारी एक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहते. पेटीमागे वर्षाला साधारण ४ ते ८ किलो मध देते. फुलोरी लहान, झुडपात तळहाताएवढे पोळे करते. चौथी पोयाची माशी भिंतीच्या फटीत राहते. तिला नांगी नसते. तिचा मध पातळ, आंबूस आणि पाव-अर्धा किलोच. पेटीत पाळतात ती मेलिफेरा माशी मात्र परदेशातून आणलेली.

मधाची चव माशीपेक्षा फुलावर ठरते. महाबळेश्वरचा जांभळाचा मध काळपट आणि किंचित कडवट असतो. कारवीचा मध दाट, पण कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. महाबळेश्वरला मधपाळांची ‘मधुसागर’ ही सहकारी संस्था आहे, आणि तिथून जवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सहकार उसापुरताच नाही, हे यावरून कळते.

मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त नको, नाही तर तो आंबतो. म्हणून पोळ्याची घरे मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा. मधात साखरेचा पाक मिसळणारेही असतात. पण उसाच्या साखरेतला कार्बन बहुतेक फुलझाडांच्या साखरेहून वेगळा असतो, ते प्रयोगशाळेत उघडे पडते. आपली साखर पोत्यातच शोभते!

आता मध न देणाऱ्या माश्या. या एकेकट्या राहतात. ना राणी, ना कामकरी. मादी एकटीच घर करते, पराग आणि मधुरसाचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते. काळा भुंगा वाळके लाकूड, बांबू पोखरतो. पानकापी माशी पानाचे गोल तुकडे नेते. ती कीड समजून फवारू नये. कित्येक जणी बांधाच्या कडक मातीत बिळे करतात. टोमॅटो, वांग्याचा पराग नळीत बंद असतो. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो, तेव्हा तो झडतो. पेटीतल्या माशीला हे जमत नाही.

म्हणून सभासदांनी एवढे पाळावे :

१) पाचट पेटवू नये, सरीत कुजवावे. बांधावर गेलेली आग माश्यांची घरे भाजते.
२) पीक फुलात असताना फवारणी टाळावी. करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर करावी.
३) बांधाचा एखादा कोपरा न नांगरता ठेवावा, चार वाळके बांबू पडू द्यावेत.
४) आग्या मोहोळ टेंभ्याने जाळू नये. पिल्ले मरतात, माश्या चवताळतात, आणि ऊसतोडीच्या टोळीवर, पोराबाळांवर प्रसंग येतो. मध पोळ्याच्या वरच्या भागात असतो. जाणकाराकडून तेवढाच काढून घ्यावा.

पेटी ठेवायची असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात चौकशी करावी. काही अडले तर आपल्या गट कार्यालयात यावे.

— ऊस विकास अधिकारी